कमी धोका... पण कोणाला?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरत होता. अमेरिकन बदामांवर भयंकर विष फवारतात, तेव्हा ते हळद-मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवा म्हणजे विष उतरतं, आणि हा निरोप किमान दहा जणांना पाठवा वगैरे वगैरे. त्यावर पुतणीने मला विचारलं, "काकू, तू तिकडच्या बागा पाहून आली आहेस. सेंद्रिय बदाम घेऊ का? मुलाला रोज चार देते मी."

उत्तर दोन ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे. प्रश्न अगदी रास्त आहे. आईने तो विचारायलाच हवा. पण बदामाच्या बागेत फवारणी होते तेव्हा धोक्याच्या रांगेत पुतणीचा मुलगा फार मागे उभा असतो. त्याच्या पुढे बरेच जण आहेत. त्यांच्याबद्दल कोणी निरोप फिरवत नाही, ही माझी तक्रार आहे.

आधी थोडा भूगोल. (सवय जात नाही!) शाळेत 'भूमध्य सामुद्रिक हवामानाचे प्रदेश' हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवला. उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, फळबागांना उत्तम, आणि उदाहरण म्हणून कॅलिफोर्निया. मुलं पाठ करायची आणि मार्क मिळवायची. तिथल्या मध्य खोऱ्याची लांबी उत्तर-दक्षिण सुमारे सातशे किलोमीटर. त्यात बदामाखाली तेरा लाख एकरांहून जास्त जमीन आहे आणि जगातले पाऊण हिश्श्याहून अधिक बदाम तिथून येतात. त्यांचं परदेशातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपला भारत. आपल्याकडे येणारा बराचसा माल कवचासकट येतो आणि इथे फोडला जातो. दिल्लीच्या करावल नगरात बायका हे काम करतात, २००९ च्या डिसेंबरात त्यांनी संपही केला होता. असो, तो वेगळा विषय. सांगायचा मुद्दा, त्या खोऱ्यात काय फवारतात याच्याशी आपला संबंध नाही असं म्हणायला आपल्याला तोंड नाही.

मुलाकडे राहिले होते तेव्हा फेब्रुवारीत मोडेस्टोच्या बाजूला फुललेल्या बागा पाहिल्या. पान एक नाही, नुसती पांढरी-गुलाबी फुलं, आणि रांगांच्या कडेला मधमाश्यांच्या पेट्या. सगळे त्या फुलांचे फोटो काढत होते. माझं लक्ष मात्र फांद्यांवर राहिलेल्या काळपट, वाळक्या बदामांकडे गेलं. गेल्या हंगामात यंत्राने झाड हलवलं तेव्हा पडायचे राहिलेले. त्यांना तिथे 'ममी' म्हणतात. इजिप्तमधली असते ना, तीच. आणि ही सगळी गोष्ट त्या ममीभोवतीच फिरते.

बदामाचा मुख्य शत्रू एका करड्या पतंगाची अळी आहे, नाव 'नेव्हल ऑरेंजवर्म'. १९२१ साली ॲरिझोनातल्या नेव्हल जातीच्या संत्र्यांत सापडली म्हणून हे नाव पडलं, आणि १९४० च्या दशकात ती कॅलिफोर्नियात पोचली. नाव संत्र्याचं, खाते बदाम. हिवाळाभर ती अळी त्या वाळक्या ममीत बसून राहते. वसंतात पतंग बाहेर येतात. पण तेव्हा झाडावरचा नवा बदाम कोवळा आणि हिरव्या सालीत घट्ट बंद असतो, त्यात शिरकाव नाही. मग मादी अंडी घालते कुठे? जुन्या ममीवरच. पुढची पिढी जूनच्या अखेरीस-जुलैत बाहेर येते, नेमकी नव्या बदामाची साल उकलू लागते तेव्हा. आता घरं उघडी पडलेली असतात. एकेक मादी शंभराच्या आसपास अंडी घालणार, वर्षाला तीन-चार पिढ्या होणार.

म्हणजे पाहा, एप्रिल ते जून या काळात त्या किडीला राहायला जुना, टाकलेला बदाम सोडून दुसरं घर नाही. ते घरच हिवाळ्यात मोडलं तर? झाडावर राहिलेले बदाम पाडायचे, ओळींच्या मधोमध लोटायचे आणि मार्चच्या मध्यापर्यंत यंत्राने त्यांचा भुगा करायचा. पूर्वीपासूनचा नियम असा, की १ फेब्रुवारीपर्यंत झाडामागे सरासरी दोनपेक्षा जास्त ममी राहू नयेत. खोऱ्याच्या दक्षिण भागात कीड जास्त, तिथे तर पाच झाडांत मिळून एक, इतकं कडक माप सांगतात. एकरात शंभर-सव्वाशे झाडं असतात, त्यावरून अंदाज करा. आधी यंत्राने झाड गदागदा हलवतात, आणि तरी उरलेले बदाम माणसं लांब काठ्यांनी झोडपून पाडतात. हे काम धुक्यात किंवा पावसानंतर चांगलं होतं, कारण ममी पाणी पिऊन जड झाली की लवकर सुटते. त्या खोऱ्यात हिवाळ्यात दाट धुकं पडतं. त्या धुक्यात, चिखलात, वर मान करून दिवसभर काठी चालवायची. करणारे बहुतेक मेक्सिकोकडून आलेले मजूर.

'कमी धोक्याचं कीड व्यवस्थापन' असं जे भारदस्त नाव आहे, त्यातला निम्म्याहून मोठा भाग हा इतका साधा आहे. झाडून काढणं. माझ्या आईने दिवाळीआधी फडताळ रिकामं करून घासलं नाही असं एक वर्ष गेलं नाही. डांबराच्या गोळ्या त्यानंतर.

आता दुसरी पद्धत. फवारा. १९७० च्या दशकापासून तिथे झाडं सुप्तावस्थेत असताना, म्हणजे पानं गळलेल्या हिवाळ्यात, तेलाबरोबर डायझिनॉन, क्लोरपायरीफॉस यांसारखी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं मारायची पद्धत पडली. त्याने खवले कीड आणि शेंडे पोखरणारी एक दुसरी अळी आटोक्यात यायची. बागाईतदाराला सोयीचं होतं, झाडावर पान नाही, फळ नाही, कामालाही सवड. पण माझ्या त्या धड्यातलं वाक्य आठवा, पाऊस हिवाळ्यात! फवारलं, की आठ-पंधरा दिवसांत पाऊस. पाणी ओढ्यांत, ओढे सॅक्रामेंटो आणि सॅन होकिन या नद्यांत. १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी जानेवारी-फेब्रुवारीतल्या पावसानंतर नदीचं पाणी तपासलं तेव्हा डायझिनॉनचा लोंढा वाहताना सापडला, आणि त्या पाण्यात पाणपिसवा (माशांच्या पिल्लांचं खाद्य) जगेनात. त्याही आधी, १९८७ साली, तिथल्या धुक्याच्या थेंबांत कीटकनाशकं सापडल्याचं प्रसिद्ध झालं होतं. वर ज्या धुक्याचं कौतुक केलं, तेच हे धुकं.

दरम्यान १९९६ मध्ये अमेरिकेत नवा कायदा आला. अन्नात कीटकनाशकाचा अंश किती चालेल हे ठरवताना लहान मुलांचा वेगळा विचार करा, आणि पुरेशी माहिती नसेल तर दहापट जास्त सावधगिरी बाळगा, असं त्यात सांगितलं. त्यात ऑर्गनोफॉस्फेटांची तपासणी सर्वांत आधी लागली. त्यांच्या पर्यावरण खात्याने त्याच दशकात 'रिड्यूस्ड रिस्क' म्हणजे कमी धोक्याच्या औषधांचा एक वर्गच केला. माणसाला, पाखरांना, माशांना कमी अपायकारक असेल, भूजलात कमी उतरत असेल, तर परवानगी लवकर. स्पिनोसॅड, मेथॉक्सीफेनोझाइड, पुढे क्लोरँट्रॅनिलिप्रोल ही नावं या वर्गातली. ती अळीला मारतात, पण मित्रकीटकांना बऱ्याच अंशी सोडून देतात. ॲझिनफॉस-मिथाइल बदामावरून २००९ मध्ये गेलं, आणि २०२० च्या अखेरीस कॅलिफोर्नियात क्लोरपायरीफॉसचा वापर जवळजवळ पूर्ण थांबला. ही मोठी गोष्ट आहे आणि ती मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. "सगळे सारखेच, सगळे विषच पाजतात" असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. ज्यांनी वीस-तीस वर्षं खपून नदी थोडी स्वच्छ केली, त्यांच्यावर तो अन्याय आहे.

या सगळ्यातली मला आवडलेली हकिकत दोन भावांची आहे. मर्सेड परगण्यात दोघांच्या बदामाच्या बागा एकमेकींना लागून होत्या. एकाची सेंद्रिय, दुसऱ्याची नेहमीच्या पद्धतीची. लॉनी हेंड्रिक्स नावाचे विद्यापीठाचे शेतकी सल्लागार तिथे होते. त्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस दोन्ही बागांतले बदाम फोडून, मोजून तुलना केली. अपेक्षा अशी, की सेंद्रिय बागेत किडका माल जास्त निघणार. तसा तो निघाला नाही. झाडांखाली गवत आणि शेंगवर्गीय आच्छादन वाढवलेलं, त्यात कोळी, भुंगे, चिमुकल्या गांधीलमाश्या नांदत होत्या, आणि त्या आपलं काम करत होत्या. यातूनच १९९३ साली शेतकऱ्यांच्या एका संस्थेने 'बायॉस' नावाचा उपक्रम सुरू केला, म्हणजे शेतकरी, सल्लागार आणि शास्त्रज्ञ यांनी बागेतच जमून शिकायचं. पुढे १९९८ पासून राज्याचं कीटकनाशक खातं, बदाम मंडळ आणि विद्यापीठ यांनी मिळून उत्तरेत ब्यूट, मध्यात स्टॅनिस्लॉस आणि दक्षिणेत कर्न अशा तीन ठिकाणी शेजारी-शेजारी प्रयोग केले. निष्कर्ष तोच. ममी नीट काढल्या, बाग नियमित पाहिली आणि गरज असेल तेव्हाच मवाळ औषध वापरलं, तर माल टिकतो.

मग सगळ्यांनी तसंच का नाही केलं?

कारण बघायला माणूस लागतो. वर्गात साठ मुलं असली की मास्तर छडी का उचलतो, हे मी चाळीस वर्षं स्टाफरूममध्ये बसून पाहिलं आहे. प्रत्येक वहीत डोकावायला वेळ लागतो, छडीला लागत नाही. बागेचंही तसंच. सापळ्यात किती अंडी आली, तापमानाच्या बेरजेवरून पुढची पिढी कधी निघेल, शंभर सालींपैकी किती उकलल्या, पानामागे लाल कोळी किती आणि त्यांना खाणारे किती, हे दर आठवड्याला मोजायचं. १९५९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्याच चार कीटकशास्त्रज्ञांनी हे तत्त्व मांडलं होतं. कीड दिसली की फवारा असं करू नका, ती नुकसानीच्या पातळीला पोचते का ते पाहा. तत्त्व मांडायला एक लेख पुरला. ते पाळायला मात्र दर आठवड्याला पगारी माणूस हवा, आणि हजार एकरांच्या बागेत 'विम्याचा हप्ता' म्हणून एक फवारा मारून टाकणं स्वस्त पडतं.

हा हप्ता कसा महागात जातो तेही ऐका. ऑर्गनोफॉस्फेटं बदनाम झाली तेव्हा बऱ्याच जणांनी पायरेथ्रॉइड गटाची औषधं जवळ केली. माणसाला तुलनेने कमी घातक आणि स्वस्त. पण ती मित्रकीटकांचा फडशा पाडतात. बदामावर लाल कोळी पडतो, त्याला खाणारा सहा ठिपक्यांचा एक फुलकिडा आहे. (आपल्या कांदा-द्राक्षवाल्यांना 'फुलकिडा' म्हटलं की धडकी भरते, तिथे हा सज्जन आहे!) अळीसाठी पायरेथ्रॉइड मारलं, फुलकिडा मेला, लाल कोळी माजला, पानं गळू लागली, मग कोळीनाशक आणा. दुकानदाराची दोनदा विक्री. शिवाय पायरेथ्रॉइड नदीत गेलं तर तळाच्या गाळात बसून तिथल्या जिवांना मारतं ते वेगळंच. म्हणून नुसतं औषध बदललं म्हणजे व्यवस्थापन बदललं असं होत नाही.

आणि 'कमी धोका' हा शब्द ऐकला की मी विचारते, कोणाला? २०१४ च्या फुलोऱ्यात काय झालं पाहा. फेब्रुवारीत त्या बागांत परागीकरणासाठी देशभरातून वीस लाखांच्या आसपास मधमाश्यांच्या पेट्या येतात. त्या वर्षी सुमारे ८० हजार पेट्यांना फटका बसल्याचा अंदाज मधपाळांनी दिला. संशय कशावर? अळीची वाढ रोखणारं, माणसाला आणि मोठ्या माशीला सौम्य समजलं जाणारं औषध बुरशीनाशकात मिसळून फुलांवर फवारलं, त्यावर. थोराला अपाय नाही, पण पोळ्यातली बाळं दगावली. त्याच वर्षी ऑक्टोबरात बदाम मंडळाने सूचना काढल्या, की फुलोऱ्यात कीटकनाशक नको, बुरशीनाशक मारायचंच तर दुपार उलटल्यावर किंवा रात्री. शहाणपण आलं, ते पेट्या गेल्यावर.

शाळेचा नियम तर माझ्या मनात घर करून राहिला आहे. १ जानेवारी २०१८ पासून कॅलिफोर्नियात सरकारी शाळा आणि पाळणाघरांपासून पाव मैलाच्या आत, सोमवार ते शुक्रवार सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, हवेत पसरणाऱ्या फवारण्यांना बंदी आहे. चांगला नियम आहे, आपल्याकडे असा असता तर मी पेढे वाटले असते. पण मास्तरणीच्या डोक्यात लगेच येतं, की ती मुलं संध्याकाळी सहानंतर जातात कुठे? बागेच्या कडेलाच तर त्यांची घरं. त्यांचे आईबाप त्याच बागांत काम करतात, अंगावरच्या कपड्यांनिशी घरी येतात. २०२५ च्या मार्चपासून राज्याने धोकादायक औषधांच्या फवारणीची पूर्वसूचना लोकांना मिळेल अशी व्यवस्था केली आहे. ती सूचना वाचून खिडकी लावून घेता येईल. घर मात्र उचलून नेता येत नाही.

आता पुतणीच्या चार बदामांचं. बदामाला बाहेरून जाड साल, तिच्या आत कवच, कवचाच्या आत बी. फवारा मुख्यतः सालीवर पडतो. साल आणि कवच दोन्ही निघून जातात. (ती साल तिथल्या दुभत्या गाईंना खायला घालतात. म्हणून सालीतल्या अंशाची मर्यादाही वेगळी ठरवलेली असते. धोका असा फिरून-फिरून जातो.) खाणाऱ्याला खरी काळजी करायची तर ती फवाऱ्यापेक्षा अळीने पोखरलेल्या बदामाची करावी. अळीने भोक पाडलं की आत बुरशी शिरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. ते हळदीच्या पाण्याने जात नाही, भिजवून सोलून जात नाही. किडका, काळा पडलेला, खवट, कडवट बदाम दिसला की सरळ फेकायचा. "एवढा महागाचा, कसा टाकू" म्हणून खिरीत ढकलायचा नाही. आणि सेंद्रिय? घ्यायचे तर जरूर घे बाई, पण सेंद्रिय म्हणजे फवाराच नाही असं नव्हे. स्पिनोसॅड, बीटी जिवाणू, तेल हे तिथेही चालतं. मी तुझ्या जागी असते तर मुलाच्या भीतीपोटी घेतले नसते. त्या काठीवाल्या माणसासाठी घेतले असते.

हल्ली तिथे आणखी एक उपाय जोर धरतो आहे, तो मला फार गमतीचा वाटतो. मादी पतंगाचा जो गंध असतो तो कृत्रिमरीत्या बनवून रात्रीच्या वेळी बागेत थोडा-थोडा सोडायचा. नर बिचारा गोंधळतो, सगळीकडे वधूच वधू, खरी सापडतच नाही! लग्न नाही, अंडी नाहीत. आपल्याकडे 'कामगंध सापळे' म्हणतात त्याच जातीतला, पण पकडायचा नसून चकवायचा प्रकार. ममी काढण्याच्या जोडीला हे केलं तर नुकसान निम्म्याच्या आसपास घटतं असं प्रयोगांत दिसलं आहे. पण पाच-दहा एकरांच्या तुकड्यात ते नीट चालत नाही, चाळीस एकर तरी सलग हवेत, कारण शेजारच्या बागेत लग्न उरकून मादी इकडे येऊ शकते. म्हणजे शेजाऱ्याशी बोलायला हवं. यंत्र विकत मिळतं, शेजार विकत मिळत नाही.

नर पतंग किरणांनी निर्बीज करून सोडायचाही प्रयोग चालला. इथे आपला धागा जुळतो. ॲरिझोनात फिनिक्सला एक कारखाना होता, त्यात कपाशीच्या गुलाबी बोंडअळीचे निर्बीज पतंग वाढवून विमानातून सोडत. त्याच्या जोडीला बीटी कपाशी, गंधाचा चकवा आणि शेत साफ ठेवणं हे सगळं नेटाने केलं, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने गुलाबी बोंडअळी आपल्या कपाशीतून संपल्याचं जाहीर केलं. अळीच उरली नाही म्हणून तोच कारखाना बदामाच्या पतंगाकडे वळवला. आणि आदल्याच वर्षी, २०१७ मध्ये, त्याच गुलाबी अळीने आपल्या विदर्भ-मराठवाड्यात बीटी कपाशीची बोंडं पोखरली होती. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. आपली कृषी विद्यापीठं सांगत होती, आजही सांगतात, फरदड घेऊ नका, डिसेंबरनंतर शेतात पऱ्हाट्या ठेवू नका. पऱ्हाटीवरचं किडकं बोंड म्हणजे आपली ममीच की! पण फरदडीतून दोन पैसे मिळतात, आणि ज्याचं सोयाबीन गेलं, ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याला ते दोन पैसे सोड म्हणायचं कोणी? सांगणाऱ्याचा पगार तर महिन्याच्या महिन्याला होतो.

भावाचा प्रश्न तिकडेही तोच आहे. २०१४ च्या सुमारास तिथल्या बागाईतदाराला पौंडाला चार डॉलर मिळत होते. त्या भावाने लोकांनी आणखी बागा लावल्या, माल वाढला, आणि २०२२ मध्ये भाव दीड डॉलरच्याही खाली आला. खर्चही निघेना. खर्च निघेना तेव्हा माणूस पहिल्यांदा काय कापतो? पाण्याचं बिल कापता येत नाही, कर्जाचा हप्ता कापता येत नाही. काठ्या घेऊन येणारी टोळी कापता येते. त्यात २०२३ च्या जानेवारी ते मार्चमध्ये पाऊस असा कोसळला, की यंत्रं चिखलात घालता येईनात. ममी झाडांवरच राहिल्या. त्या वर्षीच्या हंगामात किडक्या बदामांचं प्रमाण फार वाढलं. औषधं तर होतीच, नवी, मवाळ, महागडी, सगळी. झाडून काढणं तेवढं राहिलं.

म्हणून बदाम स्वस्त झाले की दिवाळीचे डबे भरताना आपल्याला जो आनंद होतो, त्यात मला आजकाल थोडं टोचतं. आपल्याला बदाम एकसारखा, बिनडागी, टपोरा हवा, किलोमागे शंभर रुपये कमी हवा, आणि वर विषमुक्तही हवा. व्यापारी यातलं पहिलं आणि दुसरं ऐकतो, कारण त्याचे पैसे दिसतात. तिसऱ्यासाठी वेगळा डबा आणि हिरवं लेबल छापतो. काठी चालवलेल्या बागेतला बदाम आणि विम्याचा फवारा मारलेल्या बागेतला बदाम आपल्या दुकानात एकाच पोत्यात येतात. त्यांना वेगळा भाव द्यायची सोय आपल्याला कोणी ठेवलेली नाही. कमी किडका माल आणणाऱ्याला तिथले खरेदीदार जास्त पैसे देतात हे खरं, पण तो कमी किडका कसा ठेवला, ते विचारत नाहीत. ते विचारायला त्यांना कोणीतरी भाग पाडलं पाहिजे, आणि सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणून ते आपण का नाही पाडत, हे मला अजून कोणी पटेल असं सांगितलेलं नाही.

आता तिथे आणखी एक पाहुणा आला आहे. 'कार्पोफिलस' कुळातला इवलासा भुंगा. ऑस्ट्रेलियातल्या बदामांची त्याने दहा वर्षं दैना केली, आणि २०२३ च्या शरदात तो कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात सापडला. हा बीच्या आतच राहतो, त्यामुळे फवारा त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. पतंगाला चकवणारा गंध त्याला ओळखीचा नाही. हिवाळाभर तो बसतो मात्र त्याच जुन्या, वाळक्या बदामात, झाडावरच्याही आणि जमिनीवर पडलेल्याही. विद्यापीठाचे सल्लागार पुन्हा बागाईतदारांना सांगत फिरताहेत, की डिसेंबर-जानेवारीत काठ्या काढा, पाडलेलं तसंच ठेवू नका, भुगा करा. पुतणीला मी या हिवाळ्यात तिकडच्या बदामाचा भाव काय निघतो तेवढं बघायला सांगितलं आहे. त्यावरून किती बागांत काठ्या निघतील याचा अंदाज येईल.